मर्यादा शत्रु कीं राखणदार?

मनुष्य म्हातारा कां होतो? शरीरांतून काढून नीट जोपासलेल्या पेशी सदैव वाढत राहतील, असा विद्वानांचा पुष्कळ वर्षें समज होता. सन १९६१ त फिलाडेल्फिया येथें लिओनार्ड हेफ्लिक व पॉल मूरहेड यांनीं दाखविलें कीं, मनुष्याची साधी पेशी सुमारें ५० वेळां दुभागते, आणि मग थांबते.

ही मोजदाद पेशींतील गुणसूत्रांच्या टोंकांशीं असते. कासऱ्याचें टोंक उसवूं नये म्हणून शेतकरी त्यास गांठ मारतो. तसा गुणसूत्राचें टोंक राखणारा जो भाग, त्यास टेलोमिअर म्हणतात. पेशी दुभागतांना तो थोडथोडा झिजतो, व फार आंखूड झाला म्हणजे पेशी दुभागण्याचें सोडते. वार्धक्याचें हें एकच कारण नव्हे, पण एक खरें कारण आहे. ही झीज भरून काढणारें टेलोमरेज नांवाचें द्रव्य कॅरोल ग्रायडर व एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांस १९८४ त तळ्यांतील एका सूक्ष्म जीवांत सांपडलें.

तर मग हें द्रव्य सर्व पेशींस द्यावें आणि म्हातारपण टाळावें, असें कोणासहि वाटेल. परंतु शंभरांतील सुमारें ८५ ते ९० कर्करोगांत हेंच द्रव्य जागें झालेलें आढळतें! बिघडलेली पेशी जेथें थांबावयाची, तेथें ती थांबत नाहीं.

हेन्रिएटा लॅक्स ही पांच लेंकरांची आई १९५१ त बाल्टिमोर येथें गर्भाशयमुखाच्या कर्करोगानें वारली. वय अवघें ३१. तिच्या गांठींतील पेशी तिला न विचारतां घेतल्या होत्या. (हा अन्याय लहान नव्हे.) त्या पेशी आजहि प्रयोगशाळांत वाढत आहेत, पोलिओच्या लशीची पारख त्यांवर झाली, आणि मनुष्याच्या पेशींतील टेलोमरेज १९८९ त त्यांतच प्रथम दिसलें. त्या माउलीचें काय जगलें? जिनें तिला मारलें, ती गांठ.

म्हणून पेशीचें थांबणें ही निव्वळ हार आहे, असें आम्हांस म्हणवत नाहीं. तो राखणदार आहे. मात्र तो वेतन घेतो, आणि तें आम्ही म्हातारपणीं फेडतों. तरी "जें आहे तें बरें" असें म्हणून स्वस्थ बसावें काय? कांहीं मुलांचीं हीं टोंकें जन्मतःच फार आंखूड असतात. त्यांच्या हाडांतील मज्जा रक्त करतां करतां अकालीं थकते. अशा लेंकराच्या आईस मर्यादेची थोरवी सांगावयास आम्ही जाणार नाहीं.