सोबत्याला सीमेवर सोडता येते का?

महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिर शेवटी एकटा उरतो. द्रौपदी आणि चौघे भाऊ वाटेत कोसळलेले, मागे येत राहिलेला तो फक्त हस्तिनापुरापासून सोबत असलेला कुत्रा. इंद्र रथ घेऊन येतो आणि बजावतो की कुत्रा बाळगणाऱ्यांना स्वर्गात जागा नाही. युधिष्ठिर कुत्र्याला टाकून रथात चढायला तयार होत नाही. भावांना, पत्नीला मागे टाकलेस, मग याच्यासाठी एवढा अट्टहास का, असे इंद्र विचारतो. युधिष्ठिराचे उत्तर नेमके आहे: ते जिवंत होते तोवर त्यांना सोडले नाही, हा जिवंत आहे.

फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनमधल्या काही भारतीय विद्यार्थ्यांनी हेच केले. बॉम्ब पडत असतानाही कुत्र्या-मांजरांना टाकून निघायला त्यांनी नकार दिला. एरवी प्राणी भारतात आणायचा तर आगाऊ परवानगी, लसीकरणाच्या नोंदी, आरोग्याचा दाखला असे सगळे लागते. युद्धात ते कुठून आणायचे? केंद्र सरकारने एकवेळची सवलत दिली आणि माणसांबरोबर त्यांचे प्राणीही मायदेशी आले. युरोपीय संघातल्या देशांनीही निर्वासितांच्या प्राण्यांसाठी अटी सैल केल्या.

सवलत देता येते, म्हणजे मूळ नियमच निर्दय म्हणायचा का?

तसे म्हणता येणार नाही. रेबीजची लक्षणे दिसू लागली की मृत्यू जवळजवळ अटळ असतो, आणि लागण झालेला कुत्रा लक्षणे दिसेपर्यंत आठवडे, कधी महिने, अगदी धडधाकट दिसतो. तोवर जिवंत प्राण्यातली लागण खात्रीने सांगणारी तपासणी नाही. म्हणून भारतातून युरोपीय संघात कुत्रा न्यायचा तर आधी मायक्रोचिप, मग लस, लसीनंतर किमान 30 दिवसांनी रक्ततपासणी आणि रक्त घेतल्यापासून आणखी तीन महिने थांबणे. तपासणीने लस लागू पडल्याचे कळते. आधीच शिरलेला रोग उघड व्हायला हे तीन महिने. रेबीजमुक्त ऑस्ट्रेलिया तर भारतातून थेट कुत्रा घेतच नाही. 2015 मध्ये अभिनेता जॉनी डेप याचे दोन छोटे कुत्रे तिथे न सांगता नेले गेले, तेव्हा मंत्री बार्नबी जॉयस यांनी ते परत न्या, नाहीतर मारावे लागतील, असे जाहीर बजावले. ही भाषा कठोर होती, पण त्यामागची काळजी खरी होती. जगातल्या रेबीजच्या बळींपैकी सुमारे एक तृतीयांश एकट्या भारतात जातात आणि त्यांत लहान मुले फार असतात. हे दुःख भोगणाऱ्या देशातल्या माणसाने तरी त्या नियमाला क्रूर म्हणू नये.

इंद्राचा आक्षेप पावित्र्याचा होता. विमानतळावरच्या अधिकाऱ्यापुढे अनोळखी लेकरांच्या जिवाचा प्रश्न असतो. त्यामुळे युधिष्ठिराचा दाखला देऊन नियम मोडता येत नाही. मात्र नियमाकडे बोट दाखवून कुत्र्याला वाऱ्यावरही सोडता येत नाही, आणि गफलत इथेच होते. परदेशातली नोकरी ठरते, महिन्याभरात रुजू व्हायचे असते, कागदपत्रांना चार महिने लागणार असतात. मग कुत्रा सोसायटीच्या वॉचमनकडे किंवा एखाद्या आश्रमात जातो आणि ‘नियमच तसे आहेत’ म्हणून मनाची समजूत काढली जाते. नियमाने थांबायला सांगितलेले असते, सोडायला नाही. देश बदलायचे माणसाने ठरवले; कुत्र्याला कोणी विचारले नाही. मग थांबण्याचा त्रास, खर्च आणि लांबलेली रुजू होण्याची तारीख माणसाच्याच वाट्याला यायला हवी. घरातले एक माणूस चार महिने मागे राहू शकते. नात्यातल्या कोणाकडे कुत्रा ठेवून, लस-तपासणी वेळेवर करवून, नंतर येऊन त्याला नेता येते.

थकलेल्या, हृदयविकार असलेल्या कुत्र्याचे मात्र काय करावे? मालवाहू कप्प्यातला बारा तासांचा प्रवास त्याला झेपणार नसेल, तर सोबत नेण्याचा हट्ट हीच हिंसा ठरेल. अशा वेळी त्याला ओळखीच्या घरात, ओळखीच्या माणसापाशी ठेवणे योग्य. काही घरे तर परदेशी जाण्याचा बेतच त्याच्यासाठी वर्ष-दोन वर्षे पुढे ढकलतात.