गळ्यातली पट्टी

लंडनच्या बॅटरसी भागात 1753 ते 1756 अशी जेमतेम तीन वर्षं एक कारखाना चालला. तांब्याच्या पातळ पत्र्यावर पांढरा मिना भाजायचा, त्यावर छापील चित्र उतरवायचं आणि वेलबुट्टीत मद्याचं नाव घालायचं. ही पट्टी साखळीनं सुरईच्या गळ्यात अडकवत. तेव्हा मद्य पिंपातून यायचं, बाटल्या कोऱ्या असायच्या. आत काय आहे ते पट्टीवरूनच कळे. 1860 नंतर तिथल्या किराणा दुकानांतही सुट्या बाटल्या मिळू लागल्या, कागदी लेबल रुळलं आणि पट्टीचं काम संपलं. मग संग्राहक तिच्या मागे लागले. 

तिथं मद्य संपलं, नाव उरलं. आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात उलटं झालं आहे. जागा तीच, पट्ट्या बदलत गेल्या. 1857 च्या जूनमध्ये इथल्या छावणीत हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या घोडदळानं उठाव केला. पकडलेल्यांपैकी काहींना गोळ्या घातल्या, काहींना तोफेच्या तोंडी दिलं. हे काळ्या चबुतऱ्यावर घडलं असं जुनी माणसं सांगतात, आणि तो चबुतरा म्हणजेच आजचा क्रांती चौक. शहराचंही तसंच: मलिक अंबरची खडकी, मग फतेहनगर, मग औरंगाबाद, 2023 पासून छत्रपती संभाजीनगर.

नाव बदलण्याचा हक्क नांदत्या गावाला असतोच. त्यावर माझा वाद नाही. पण साखळीची पट्टी कुठल्याही सुरईला घालता येते. पॅरिसच्या सॅमसन कंपनीनं एकोणिसाव्या शतकात बॅटरसीच्या मिनाकामाच्या हुबेहूब नकला विकल्या, म्हणून जाणता संग्राहक आधी विचारतो: ही कुणाच्या घरातून आली, कधी? जुन्या नावांना हा प्रश्न आपण विचारत नाही. तारखेवाचून सुटं झालेलं नाव मग ज्याला हवं त्यानं हव्या त्या भांडणाच्या गळ्यात घालावं, असं होतं. काळा चबुतरा विसरला, तर क्रांती कुणाची हेही सांगता येणार नाही.

तुमच्या कपाटात जुन्या पत्त्याची लग्नपत्रिका, दुकानाचं बिल, एखादी मिन्याची पाटी असेल, तर रद्दीत किंवा भंगारात घालू नका. कुणाची, कुठली, कोणत्या साली, एवढं पेन्सिलीनं एका चिठ्ठीवर लिहून त्या वस्तूसोबत ठेवा.