दिसणे आणि पटणे

मुलाला जे दिसले ते त्याला पटले, असे धरून पुढे जाण्याचा अधिकार शिकवणाऱ्याला आहे काय? प्रश्न जुनाच, मोबाइलवरच्या आलेखाने तो पुन्हा उभा केला आहे.

मांजराकाठच्या कळंबसारख्या तालुक्याच्या गावी दहावीची शिकवणी घेणाऱ्यालाही आज जिओजेब्रा फुकट मिळते. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ साली ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग विद्यापीठात त्याचा आरंभ केला. तिथल्या विद्यार्थ्याला जे साधन, तेच इथल्याला. फक्त इथे अनेक घरी मोबाइल वडिलांचा असतो आणि ते परतल्यावरच मुलाच्या हाती येतो.

या साधनाला नाक मुरडण्याची घाई मी करणार नाही. आलेखाच्या कागदावर चार बिंदू मांडायचे, जोडायचे, की प्रश्न संपला. ज्याला आपण ‘चल’ म्हणतो तो कागदावर कधी चललाच नाही. इथे बोटाने पट्टी सरकवली की सहगुणक बदलतो आणि वक्र वर-खाली होतो, रुंदावतो, उलटा होतो. शिवाय गुरुजींचे उत्तर त्यांच्या देखत ताडून पाहता येते. आमच्या वेळी ही सोय नव्हती, आणि गुरुजींना तिची उणीवही भासत नसे.

पण आता क्ष² − २क्ष + १.०००१ ही राशी घ्या. तिचा वक्र आडव्या अक्षाला १ या बिंदूपाशी टेकलेला दिसतो. “सर, टेकलंय की!” असे पोरगे म्हणणारच. वस्तुतः तो टेकत नाही. तीच राशी (क्ष − १)² + ०.०००१ अशी लिहा. वर्ग शून्याहून लहान होत नाही. मग बेरीज शून्य होणार कशी? चित्र मोठे केले तर फट दिसेल खरी, पण दशांशात आणखी चार शून्ये घाला, ती पुन्हा नाहीशी होईल.

भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ‘बीजगणित’ ग्रंथात उपपत्ती दोन प्रकारची सांगितली: क्षेत्रगत, म्हणजे आकृतीतून पटणारी, आणि राशिगत. क्षेत्रगत ज्यांना उमगत नाही त्यांना राशिगत दाखवावी, असे त्यांचे म्हणणे. आपली अडचण उलटी आहे. आकृती सर्वांना कळते, किंबहुना कळल्यासारखी वाटते, आणि राशीपाशी कोणी थांबत नाही. शिवाय त्यांच्या आकृतीत ‘का’ दिसत असे. पडद्यावर बहुधा ‘काय’ एवढेच दिसते.

परीक्षेत मोबाइल नसतो म्हणून हाताने शिकवा, असे पुष्कळजण म्हणतात. हे कारण मला उथळ वाटते. उद्या परीक्षेत मोबाइल चालू लागला, तर? ‘गुरुजी म्हणतात म्हणून’च्या जागी ‘पडदा दाखवतो म्हणून’ आले, तर मुलाचा केवळ धनी बदलला.

म्हणून वरचे उदाहरण पहिल्याच आठवड्यात द्यावे, असे मी म्हणेन: आधी वहीत अंदाज, मग पडदा, मग कंसातला वर्ग. मूल चिडेल, चिडू द्यावे. त्या संध्याकाळी एकच गणित होईल. फी देणारे वडील घरी विचारतील, “आज किती झाली?” मुलगा “एकच” म्हणेल, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा जाब शिकवणीवाल्याला द्यावा लागेल.