तोड्याची बंदूक आणि शौर्य

सन १५२४ च्या एप्रिल महिन्याच्या ३० तारखेस उत्तर इटलींतील सेझिया नदीकांठीं फ्रेंच सैन्य माघार घेत असतां, पिछाडी संभाळणारा सरदार बायार्ड तोड्याच्या बंदुकीची गोळी पाठीच्या कण्यांत लागून कोसळला. ‘निर्भय आणि निष्कलंक वीर’ अशी ज्याची ख्याति, त्याचा अंत एका अनाम शिपायानें केला. हा शौर्याचा पराभव म्हणावयाचा काय?

त्या बंदुकींत होतें तरी काय? लोखंडाची नळी, तिच्या कानाशीं घातलेली रंजक आणि चाप ओढतांच त्या रंजकेवर येऊन टेकणारी जळती जामगी. ती ठासावयास वेळ लागे, पावसांत जामगी विझे, लांबचा नेमहि भरंवशाचा नसे. परंतु घोडेस्वारीस व तलवारीस जेथें अर्धें आयुष्य वेंचावें लागे, तेथें हिची विद्या थोड्या दिवसांत साधे.

सन १५७१ मध्यें लेपांटोच्या आरमारी युद्धांत सर्व्हांटिस स्वतः बंदुकीच्या गोळ्या लागून डाव्या हातानें कायमचा अधू झाला. १६०५ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या कादंबरींत डॉन क्विक्झोट असल्या यंत्रांच्या शोधकास शिव्याशाप देतो. भ्याडाचा हातहि शूराचा प्राण घेऊं शकतो, ही त्याची तक्रार.

ही तक्रार सर्वस्वीं नीतीची आहे, असें मला वाटत नाहीं. ११३९ सालीं लॅटरनच्या धर्मपरिषदेनें धनुर्विद्येचा वापर निषिद्ध ठरविला. पण तो केवळ ख्रिस्ती लोकांविरुद्ध! शिवाय चिलखती घोडेस्वार साध्या पायदळास तुडवीत असे, तेव्हां त्या विषमतेस कोणी अधर्म म्हटलें नाहीं. सरदारांच्या शोकांत अर्धा शोक गेलेल्या मिरासीचा आहे.

उरलेला अर्धा मात्र खरा आहे. शेकडों बंदुका एकदम सुटल्या म्हणजे कोणाच्या गोळीनें कोण पडला, हें झाडणाऱ्यासहि कळत नाहीं. कर्त्यास जेथें आपलें कर्मच दिसत नाहीं, तेथें पश्चात्ताप तरी कोणी करावा? दोष दारूचा नव्हे. न पाहतां मारण्याची जी सोय तिनें करून दिली, त्या सोयीचा मोह हाच दोष होय.

जखमी बायार्डास वृक्षातळीं शत्रूकडे तोंड करून बसविण्यांत आलें. शत्रूचाच सेनापति पेस्कारा यानें त्याचा सन्मान केला व शुश्रूषा करविली. ज्या सैन्याच्या गोळीनें तो पडला, त्याच सैन्यास जवळ जातांच माणूस दिसला. शस्त्राचा पल्ला वाढेल तितकें हें पाहणें अवघड होतें, म्हणूनच तें अधिक कर्तव्य ठरतें.