मागे सरलेली इमारत

पर्यावरणपूरक वास्तूचं वर्णन आपल्याकडे बहुधा छपरापासून सुरू होतं. छपरावर सौर पटलं, पागोळ्यांचं पाणी साठवणारी टाकी, भिंतींना माती नाहीतर बांबू, आणि दर्शनी भागात हे सगळं सांगणारा भलाथोरला फलक. शहरातल्या कार्यालयासाठी हा हिशेब ठीक आहे. पण जिथं रात्री कासवाची मादी वर येते किंवा पक्षी बिळात परततो, अशा किनाऱ्यावर तोच हिशेब मांडला की घोटाळा होतो. सौर विजेवर लागलेला दिवा कासवाच्या पिल्लाला कोळशाच्या विजेवरच्या दिव्याइतकाच चकवतो.

अशा ठिकाणी इमारत कशाची बांधली हे नंतर विचारावं. आधी विचारावं ती कुठे बसली, तिच्यासाठी तिथून काय हटलं आणि तिच्यामुळे माणसं कुठे थांबली. या तिन्ही प्रश्नांना एकाच जागी सामोरं गेलेलं मला माहीत असलेलं सगळ्यात ठसठशीत उदाहरण ऑस्ट्रेलियातलं आहे.

मेलबर्नहून गाडीनं दोनेक तासांवर फिलिप आयलंड लागतं. तिथले मूळचे बूनवुरुंग लोक त्याला मिलोवल म्हणतात. बेटाच्या पश्चिमेला समरलँड नावाचा चिंचोळा भूभाग समुद्रात शिरलेला आहे आणि त्याच्या गवताळ उतारांवर लिटल पेंग्विनांची वसाहत आहे. जेमतेम फूटभर उंचीचा, किलोभर वजनाचा, पाठीवर निळसर झाक असलेला हा पक्षी दिवसभर समुद्रात मासे पकडतो आणि अंधार पडला की घरी येतो. ते येणं पाहण्यासारखं असतं. लाटेच्या फेसात आठ-दहा काळे ठिपके जमतात. पुढचा एकजण वाळूवर चढतो, समोरचा उघडा पट्टा पाहून बिचकतो, आणि सगळा घोळका पुन्हा पाण्यात. असं दोन-तीनदा होतं. मग कुणाला तरी धीर येतो आणि सगळे एकदम, पुढे झुकून, डुलत वाळू ओलांडतात आणि गवतात शिरतात. आडोसा नसलेला तो वाळूचा पट्टा त्यांच्यासाठी मोठ्या धोक्याचा.

हे बघायला 1920 च्या दशकापासून माणसं येतात. तेव्हा गावकरी पाहुण्यांना टॉर्चच्या उजेडात किनाऱ्यावर नेत. गंमत अशी की त्याच दशकात समरलँडवर भूखंडही पाडले गेले. सुटीतली घरं उभी राहिली, मोटेल आलं, दुकान आलं. घरांमागून कुत्री आली, रस्त्यांवर गाड्या आल्या. युरोपीय माणसांनी ऑस्ट्रेलियात आणलेले कोल्हे होतेच. बेटावर कधीकाळी पेंग्विनांच्या दहा वसाहती होत्या, त्यांतली ही एकच उरली. 1980 च्या दशकात अभ्यासकांनी सांगितलं की असंच चाललं तर शतक संपण्याआधी हीही संपेल.

1985 साली व्हिक्टोरिया राज्याच्या सरकारनं ठरवलं की समरलँडवरची वसाहत पूर्ण विकत घ्यायची आणि जमीन पेंग्विनांना परत द्यायची. 774 भूखंड होते आणि 180 हून अधिक घरं. काम संपायला 2010 साल उजाडलं. पंचवीस वर्षांत सरकारं बदलली, पण निर्णय टिकला. घरं हलवली गेली किंवा पाडली गेली, डांबरी रस्ते उखडले गेले, झुडपं लावली गेली. कोल्ह्यांविरुद्धची मोहीम त्यापुढेही चालू राहिली आणि 2017 साली बेट कोल्हेमुक्त जाहीर झालं. आज वसाहतीत तीस हजारांहून अधिक पेंग्विन आहेत.

ज्यांची घरं गेली त्यांना ते सोसायला सोपं गेलं नसणार. पिढ्यान्‌पिढ्यांच्या उन्हाळी सुट्या तिथं गेल्या होत्या. तरी एक फरक नोंदवायला हवा. तिथं वन्यजीवांसाठी बाजूला झाली ती मुख्यतः सुटीतली घरं, आणि तीही मोबदला घेऊन. आपल्याकडे वन्यजीवांसाठी जागा मोकळी करायची म्हटलं की पहिली नोटीस बहुतेकदा सगळ्यांत गरीब गावाला जाते, आणि रिसॉर्टला परवानगी मिळते.

आता इमारतीकडे येऊ. 1980 च्या दशकाच्या अखेरीस तिथं एक अभ्यागत केंद्र बांधलं गेलं होतं. तेव्हाच्या समजुतीनुसार ते योग्यच होतं, पण बसलं होतं ते पेंग्विनांच्या बिळांना साजेशा जमिनीवर. पर्यटक वाढत गेले, केंद्र अपुरं पडू लागलं. सोपा मार्ग होता शेजारी आणखी एक दालन काढण्याचा. त्याऐवजी ठरलं की नवं केंद्र चांगल्या अधिवासाच्या बाहेर, मागे सरकून बांधायचं आणि जुनं पाडून त्याखालची जमीन मोकळी करायची. टेरवार या वास्तुरचनाकारांच्या संस्थेनं आराखडा केला. सुमारे 5.8 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर खर्चून बांधलेलं, ताऱ्यासारख्या टोकदार आकाराचं हे केंद्र 2019 साली उघडलं. जुनं हटवल्यामुळे 6.7 हेक्टर अधिवास परत मिळणार होता. केंद्राच्या छायाचित्रांत ताऱ्याचा आकार ठळक दिसतो. ते हेक्टर दिसत नाहीत, कारण तिथं आता काहीच नाही.

याला एक चांगला आक्षेप आहे, आणि तो कार्बनचा हिशेब मांडणाऱ्यांकडून येतो. अवघी तीस वर्षांची इमारत पाडायची आणि कोट्यवधी खर्चून दुसरी उभी करायची, यात टिकाऊ ते काय? सिमेंट, पोलाद, काच बनवताना वातावरणात गेलेला कार्बन काही परत येत नाही. उभ्या इमारतीची डागडुजी हा सगळ्यांत स्वस्त हवामान उपाय, असं वास्तुकलेतली शहाणी माणसं हल्ली सांगतात आणि बहुतेक ठिकाणी ते बरोबर असतं. पण इथं दोन वेगळ्या वह्या आहेत, एक कार्बनची आणि एक जागेची. कार्बन कमी करण्याचे मार्ग जगात इतरत्रही आहेत. बेटावर शेवटची उरलेली वसाहत मात्र दुसरीकडे कुठे हलवता येत नाही. म्हणून मी जागेच्या वहीच्या बाजूनं आहे, तोटा मान्य करून.

मागे सरलेल्या केंद्राचा दुसरा उपयोग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. अशा जागी इमारत हा गर्दीला घातलेला बांध असतो. वर्षाला काही लाख माणसं येणार असतील तर त्यांना संध्याकाळपर्यंत कुठेतरी थोपवून धरावं लागतं. खायला-प्यायला, शौचालयाला, मुलांना रमवायला जागा लागते. ती इमारत देते. तिथून लोक लाकडी पुलवाटांवरून ठरलेल्या आसनांपर्यंत जातात, पेंग्विन त्या वाटांच्या खालून आपल्या वाटेनं जातात. अंधारात छायाचित्रं काढायला पूर्ण बंदी आहे. पुढच्या टोकाकडे जाणारा रस्ता सूर्यास्ताआधीच बंद होतो. परत निघताना गाडीखाली वाकून पाहा, पेंग्विन बसला असेल, अशी सूचना वाहनतळावर असते. शिअरवॉटर पक्ष्यांची पिल्लं पहिल्यांदा उडतात त्या दिवसांत तर बेटाला जोडणाऱ्या पुलावरचे दिवे मालवले जातात, कारण उजेडानं भांबावून ती रस्त्यावर उतरतात. यातलं जवळजवळ काहीच वास्तुरचनाकाराच्या नकाशात नसतं, पण हे नसतं तर नकाशाला काही अर्थ उरला नसता.

अर्थात बांध जितका मोठा तितकं पाणी जास्त अडतं, हेही खरं. तिकिटांच्या पैशावर संवर्धनाचं काम चालतं, म्हणजे संवर्धनालाच गर्दीची गरज पडू लागते. फिलिप आयलंडनं हा पेच सोडवला आहे असं मला वाटत नाही.

साहित्याचा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला, पण तो क्षुल्लक नाही. डेन्मार्कमध्ये रीबे गावाजवळ वाडन समुद्राचं केंद्र आहे. डॉर्टे मॅनड्रप यांनी त्याचा आराखडा केला आणि ते 2017 साली पूर्ण झालं. छप्परच नव्हे, भिंतीसुद्धा बोरूसारख्या पाणगवतानं शाकारलेल्या. मुळात तिथं शेतघराच्या घाटाच्या इमारती होत्या, त्यांना धरूनच नवं काम केलं. लांबून पाहिलं तर सपाट दलदलीत गवताची गंजी बसावी तसं ते बसतं. फार देखणी इमारत आहे, आणि जे उभं होतं ते मोडून टाकलं नाही हे तिचं आणखी मोठं देखणेपण. तिथं ते जमलं, कारण मूळची जागाच चुकलेली नव्हती.

कोकणात साहित्याचा विचार खाऱ्या वाऱ्यापासून सुरू करावा लागतो. किनाऱ्यावरच्या काँक्रीटचं काय होतं ते कुठल्याही जुन्या जेटीवर किंवा विश्रामगृहावर दिसतं. आधी स्लॅबच्या पोटाला सळईच्या रेषेत तपकिरी डाग उमटतो. हवेतला क्षार आत झिरपून सळईपर्यंत पोचलेला असतो. लोखंड गंजताना फुगतं आणि वरचं काँक्रीट आतून ढकलतं. मग एका पावसाळ्यात टवका पडतो आणि लाल सळई उघडी होते. पुढे दर दोन-तीन वर्षांनी डागडुजी, म्हणजे पुन्हा ट्रक, पुन्हा खडी, पुन्हा मजुरांचा मुक्काम, तोही बहुधा पावसाळा संपल्यावर, कासवांचा हंगाम तोंडावर असताना. त्यामानानं चिऱ्याची भिंत, चुन्याचा गिलावा आणि मंगलोरी कौलं हा जुना मेळ खाऱ्या हवेला जास्त सोसतो. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, हवेत राहून कडक होतो. फुटलेलं कौल गावातलाच माणूस बदलतो.

पण स्थानिक म्हणजे निष्पाप, असंही समजू नये. चिरा येतो तो सड्यावरून. पावसाळ्यात ज्या कातळावर इवल्या रानफुलांचे गालिचे पसरतात, तोच कातळ चिरेखाणीत चौकोनी कापला जातो. किनाऱ्यावरचं एक केंद्र वाचवायला डोंगरावरचा सडा खर्ची पडला तर आपण फक्त नुकसानीचा पत्ता बदलला. म्हणून मोडकळीला आलेल्या घरांचा, बंद पडलेल्या शाळांचा चिरा पुन्हा वापरावा. आणि मुळात लहान बांधावं.

लहान म्हणजे किती? वेळासनं याचं उत्तर शून्य असंही असू शकतं हे दाखवलं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं हे नाना फडणवीसांचं गाव. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांबरोबर ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली, पुढे कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे गावातल्या घरांत उतरतात, पडवीत जेवतात, पैसे घरात राहतात. किनाऱ्यावर कुंपण घातलेली अंड्यांची जागा, वर पालथ्या टोपल्या. सकाळी कासवमित्र टोपली उचलतात. कधी खाली नुसती वाळू असते. कधी तळहातापेक्षा लहान, राखाडी पिल्लं एकमेकांवर चढत असतात. ती समुद्राकडे सोडली की ओल्या वाळूवर वल्ह्यांच्या बारीक खुणा उमटत जातात. त्यासाठी काचेचं दालन लागत नाही.

मात्र वेळासचा दाखला देऊन केंद्राची गरजच नाही असं म्हणणं भाबडेपणाचं. गर्दी वाढली की ती गावभर पसरते. गाड्या अरुंद रस्त्यांवर अडकतात, शोषखड्ड्यांवर ताण येतो, आणि वाळूतला शोषखड्डा म्हणजे विहिरीच्या पाण्याशी केलेली सोयरीक. किनाऱ्यालगत गोड्या पाण्याचा थर खाऱ्यावर तरंगत असतो, उपसा वाढला की खालचं खारं पाणी वर चढतं. रात्री मोबाइलचे दिवे घेऊन पुळणीवर फिरणाऱ्यांना आवरायला दोन-चार कासवमित्र पुरत नाहीत. कधीतरी बांध लागतोच. प्रश्न तो कुठे घालायचा एवढाच.

आणि नेमक्या याच प्रश्नावर आपला कायदा अर्धवट बोलतो. किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना 1991 साली आली, 2011 मध्ये बदलली, 2019 मध्ये पुन्हा बदलली. शेवटच्या बदलात दाट लोकवस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यांवर बांधकामबंदीचा पट्टा भरतीरेषेपासून 200 मीटरवरून 50 मीटरवर आला. कांदळवनं आणि कासवांच्या विणीच्या जागा सर्वांत संवेदनशील वर्गात आहेत, पण त्या वर्गातही मंजूर आराखड्यानुसार निसर्गपर्यटनाच्या पायवाटा आणि झाडावरच्या झोपड्या चालतात. म्हणजे मीटर मोजले जातात. रात्री किती उजेड पडतो, भिंतीची सावली वाळूवर कुठवर जाते, एका संध्याकाळी किती माणसं उतरतात, हे मीटरमध्ये बसत नाही. सावलीचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण कासवाचं पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं. पुळणीवर सुरूची दाट लागवड करणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यायला हवं.

ठाणे खाडीचं उदाहरण थोडं आशादायक आहे. रोहित पक्ष्यांच्या अभयारण्याची घोषणा 2015 साली झाली, 2022 मध्ये ते रामसर यादीत गेलं. कांदळवन कक्षाचं केंद्र ऐरोलीला, वसलेल्या शहराच्या कडेला आहे. तिथून बोटी सुटतात त्या भरतीच्या वेळापत्रकानं. रविवारी सकाळी सगळ्यांना सोयीचं असलं तरी पाणी नसेल तर बोट नाही. पर्यटकानं खाडीच्या घड्याळाप्रमाणे यायचं, हा नियम कुठल्याही हरित मानांकनापेक्षा मोलाचा आहे.

उद्या कोकणात कासवांसाठी असं केंद्र निघालं, तर त्याची जागा माझ्या मते पुळणीवर नसावी, सुरूच्या बनातही नसावी. ती गावाच्या वरच्या अंगाला, एसटी जिथं वळते तिथं असावी. गाड्या तिथंच राहाव्यात आणि पुढची वाट पायी असावी. समुद्राकडच्या बाजूला काच नको, बाहेर दिवा लागलाच तर गुडघ्याच्या उंचीवर, झाकलेला आणि पिवळसर. जागा पक्की करण्याआधी समितीनं एकदा अमावास्येच्या रात्री पुळणीवर उभं राहून गावाकडे पाहावं. बैठकीत पहिला आक्षेप कुठला येईल हेही ठाऊक आहे: इथून समुद्रच दिसत नाही, मग लोक येतील कशाला? फिलिप आयलंडला लोक येतात ते पेंग्विन बघायला, आणि त्यासाठी इमारतीतून बाहेर पडून, थंडीवाऱ्यात बाकावर बसून, अंधार पडेपर्यंत वाट पाहतात.