स्टेशन आल्यावर मिटणारा खेळ

हातात मावणारा व्हिडिओ गेम प्रवासातल्या कंटाळ्यातून जन्मला. एकोणिसाव्या शतकाने आगगाडीतला कंटाळा कादंबरीवर निभावला होता. जपानच्या शिन्कान्सेनमध्ये तो कॅल्क्युलेटरपर्यंत आला. निन्टेन्डो कंपनीचे अभियंते गुनपेई योकोई यांना या गाडीत एक नोकरदार प्रवासी दिसला. वेळ जात नाही म्हणून तो कॅल्क्युलेटरची बटणे उगाच दाबत बसला होता. योकोईंनी त्यावरून सुचलेली कल्पना कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांच्या कानावर घातली आणि १९८० साली ‘गेम अँड वॉच’ ही मालिका बाजारात आली. पडदा कॅल्क्युलेटरच्या जातीचा, चिपही त्याच घराण्यातली, आणि खेळ बंद असेल तेव्हा नुसते घड्याळ. हे यंत्र मुद्दाम लहान ठेवले होते. मोठ्या माणसाला हातांच्या आड धरून शेजाऱ्याच्या नकळत खेळता यावे, हा त्यामागचा हिशेब.

या आडोशातच एक जुना तात्त्विक प्रश्न आहे. रिकामा वेळ आयता हाती आला असता प्रौढ माणूस खेळतो, ते स्वतःला चुकवण्यासाठी की खेळ हीच एक पुरेशी गोष्ट आहे म्हणून? संकोच पहिल्या उत्तराच्या बाजूने साक्ष देतो.

पहिले उत्तर सर्वांत कठोरपणे मांडले ते सतराव्या शतकातील फ्रेंच विचारवंत ब्लेझ पास्कालने. खोलीत एकटे स्वस्थ बसणे माणसाला जमत नाही, यात त्याने बहुतेक मानवी हालांचे मूळ पाहिले. शिकाऱ्याला ससा नको असतो, सशामागची धावपळ हवी असते. तोच ससा कोणी भेट दिला तर तो घेणार नाही. राजाची गत वेगळी नाही. भोवतालची मंडळी आणि खेळ काढून घ्या, सिंहासनावर एक दुःखी जीव उरतो. गंमत अशी की, ज्या तीन गोष्टींच्या संगमावर प्रवासातला व्हिडिओ गेम उभा आहे, त्या तिन्हींना पास्कालचा हात लागलेला आहे. वडिलांच्या करवसुलीच्या हिशेबांसाठी त्याने १६४२ पासून बेरीज-वजाबाकीचे यंत्र घडवायला घेतले. १६५४ मध्ये गणितज्ञ फर्माशी पत्रव्यवहार करून त्याने जुगाराचे गणित सोडवले. आणि १६६२ साली पॅरिसमध्ये पाच सू भाड्याच्या घोडागाड्या त्याच्या पुढाकाराने ठरलेल्या मार्गांवर धावू लागल्या. शहरी बसच्या या पूर्वजच. गणकयंत्र, खेळाचे गणित आणि भाड्याच्या गाडीतले आसन त्यानेच दिले; मन रमवण्यावर टीकाही त्याचीच.

मराठीत या मनःस्थितीसाठी नेमका शब्द आहे: करमत नाही. ‘करमणूक’ त्याच क्रियापदातून येते, म्हणजे शब्दातच आधी उणीव आणि मग तिच्यावरचा उतारा आहे. ‘खेळ’ या शब्दाला असा इतिहास चिकटलेला नाही. मूल करमत नाही म्हणून खेळते असे कोणी म्हणत नाही. ते खेळते, एवढेच.

दुसरे उत्तर वेदान्तात सापडते. ज्याला काहीच मिळवायचे उरलेले नाही अशा ब्रह्माने सृष्टी का निर्माण करावी, या आक्षेपाला ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात लीला हे उत्तर दिले आहे. त्यावरील भाष्यात शंकराचार्यांनीही राजाचाच दाखला घेतला: सर्व इच्छा पुरलेला राजा काही हेतू न धरता क्रीडा करतो. जोडीला श्वासोच्छ्वासाचा दाखला आहे, जो कोणत्याही प्रयोजनावाचून चालू असतो. राजा तोच, निष्कर्ष उलटा. पास्कालचा राजा रिता म्हणून खेळतो, शंकराचार्यांचा भरलेला म्हणून. शंकराचार्यांचा दाखला ईश्वराविषयी आहे, साडेसातच्या लोकलमधल्या माणसाविषयी नाही, हे खरे. तरी दोन प्रकारचे खेळ ओळखण्याची खूण त्यातून मिळते. भरलेल्या मनाचा खेळ केव्हाही मिटता येतो. रित्या मनाचा खेळ मिटवला की आत पुन्हा तीच पोकळी असते, म्हणून तो मिटवत नाही.

प्रवासात ही खूण आपोआप तपासली जाते, कारण प्रवासातला प्रत्येक खेळ मध्येच तुटणारा असतो. पास्काल आणि फर्मा यांच्यापुढचा प्रश्नही अर्धवट सुटलेल्या डावाचाच होता: पैजेचे पैसे वाटायचे कसे? किती डाव झाले याला महत्त्व नाही, किती उरले आणि ते कसकसे घडू शकतील हे मोजायचे, असे त्यांनी ठरवले. मुंबईच्या लोकलमध्ये मांडीवर बॅग आडवी ठेवून पत्ते खेळणाऱ्यांना हे गणित लागत नाही. स्टेशन आले की पत्ते गोळा होतात, कोणाचे काही जात नाही.

उपकरण निवडण्याची पहिली कसोटी इथून निघते: ते अर्ध्यात मिटता आले पाहिजे. २००४ चा निन्टेन्डो डीएस झाकण मिटले की झोपी जाई आणि उघडले की खेळ तिथूनच पुढे चाले. २०१७ चा स्विच आणि २०२२ चा स्टीम डेक एका बटणावर हेच करतात. फोन सर्वांच्या खिशात असतो, वेगळे वजन नाही, खर्च नाही. पण त्यावरचे बरेच फुकट खेळ थांबू नयेत अशाच बेताने बांधलेले असतात. रोजचे बक्षीस, ठरावीक वेळाने भरणारी ‘एनर्जी’, सूचनांचा भडिमार. न करमण्याचाच हा धंदा आहे. फोनवर खेळायचे असेल तर एकदाच पैसे देऊन घेतलेला, इंटरनेटशिवाय चालणारा खेळ बरा. बोगद्यात रेंज गेली तरी तो चालू राहतो.

दुसरी कसोटी योकोईंचीच. नव्या झगझगीत तंत्रामागे न धावता मुरलेले, स्वस्त झालेले तंत्र वेगळ्या कामी लावावे, हे त्यांचे सूत्र होते. निन्टेन्डोच्या १९८९ च्या गेम बॉयचा पडदा हिरवट-करड्या चार छटांचा, त्याला दिवाही नव्हता. पण चार पेन्सिल सेलवर तो दहा-पंधरा तास सहज चाले. प्रतिस्पर्धी सेगा कंपनीचा गेम गिअर रंगीत आणि उजळ होता, सहा सेल तो तीन ते पाच तासांत संपवी. प्रवाशांनी कौल कोणाला दिला ते विक्रीत दिसते: गेम बॉय आणि त्याची रंगीत आवृत्ती मिळून सुमारे ११ कोटी ८७ लाख विकली गेली. आजही निवड याच दोन टोकांत आहे. स्टीम डेकवर संगणकाचे मोठे खेळ चालतात, पण त्याचे वजन सुमारे ६७० ग्रॅम आणि भारी खेळात बॅटरी दोनेक तासांत आटते. मूळ स्विच कंट्रोलरसह ४०० ग्रॅमच्या आसपास. रात्रीच्या लांब रेल्वेप्रवासाला, चार्जिंगची सोय असेल तर, पहिला चालेल. उभ्याने जायचे असेल तर दुसराही जड. घाटातल्या एसटीत कोणताच नको, वळणावर पडद्याकडे पाहिले की मळमळते. विमानात पॉवर बँक केबिनच्या बॅगेतच न्यावी लागते आणि १०० वॉट-तासांपर्यंतचीच सहसा विनापरवानगी चालते. इयरफोन मात्र सगळीकडे हवेत, शेजाऱ्याची शांतता ही खेळणाऱ्याच्या मालकीची नसते.

ज्या प्रवासात मध्ये कुठेच उतरायचे नव्हते तिथेही गेम बॉय जाऊन आला आहे. रशियन अंतराळवीर अलेक्सांद्र सेरेब्रोव्ह यांनी १९९३ मध्ये तो मीर अंतराळस्थानकावर नेला आणि १९६ दिवसांनी परत आणला. त्यात टेट्रिस होता.