डाग ओळखावा कोणी, निवाडा करावा कोणी?

शेजाऱ्याच्या अंगावर फिकट चट्टा दिसला, तर ख्रिस्ती मनुष्याने काय करावे? पाहून न पाहिल्यासारखे करावे, की बोलावे? प्रश्न लहान दिसतो. परंतु त्याच्या उत्तरावर कोणाची बोटे, कोणा मुलीचे लग्न व कोणा कुटुंबाचे मंडळीतील स्थान अवलंबून असते. यास्तव तो आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

पुण्याची नारायण पेठ विद्वत्तेसाठी नावाजलेली. टिळकांचा केसरीवाडा तेथेच आहे. तथापि अशा शिकल्यासवरल्या वस्तीतही कोडाचा एक ठिपका लग्नाची बोलणी मोडावयास पुरेसा होतो. कोड असलेल्यांस आधार द्यावा म्हणून डॉ. माया तुळपुळे यांनी २००१ साली पुण्यात श्वेता असोसिएशन स्थापिली, व याच विषयावरील 'नितळ' हा मराठी चित्रपट २००६ साली निघाला. शहरात ही अवस्था, तर जेथे कोडालाच 'पांढरे कुष्ठ' म्हणतात त्या खेड्यात काय होत असेल?

वास्तविक हे रोग निरनिराळे आहेत. कोडाचा डाग दुधासारखा शुभ्र असतो, त्याची कड स्पष्ट असते, आणि तेथे स्पर्श पूर्ववत् कळतो. शरीराची संरक्षक शक्तीच कातडीस रंग देणाऱ्या पेशी नष्ट करते, म्हणून तो उद्भवतो. तो कोणालाही लागत नाही, व मासे आणि दूध एकत्र खाल्ल्याने होतो हेही खरे नव्हे. शिबे बहुधा मान, छाती व पाठीवर उठते आणि खरवडल्यास बारीक कोंडा निघतो. गजकर्ण वाटोळे पसरते, त्याची कड उंच व लाल असते, आणि त्यास फार कंड सुटते. त्यावर दुकानातील स्टिरॉईडमिश्रित मलम चोळल्यास ते अधिकच पसरते. खरूज रात्री जास्त खाजते आणि बोटांच्या बेचक्यांत दिसते. तिच्यावर घरातील सर्वांनी एकाच वेळी औषध लावावे लागते.

कुष्ठरोगाचा चट्टा याहून वेगळा. तो फिकट किंवा तांबूस असतो, सहसा खाजत नाही व दुखत नाही. तेथे स्पर्श कळत नाही, घाम येत नाही. वेदना नाही म्हणून मनुष्य स्वस्थ बसतो, व तेवढ्यात नसा निकामी होऊ लागतात. १८७३ साली नॉर्वे देशात हान्सेन या वैद्याने त्याचे जंतू शोधून काढले. आता सहा किंवा बारा महिन्यांच्या औषधाने तो बरा होतो. औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, आणि ते सुरू होताच संसर्गाची भीती लवकरच नाहीशी होते. परंतु एकदा गेलेली बोटे औषधाने परत येत नाहीत.

आता शास्त्राकडे वळू. लेवीयाच्या तेराव्या अध्यायात ज्याला 'महारोग' म्हटले आहे, तो मूळ इब्री शब्द अनेक प्रकारच्या चट्ट्यांस लागू होतो. इतकेच नव्हे, तर वस्त्रांच्या व भिंतींच्या डागांसही तोच लाविला आहे. तेव्हा त्या अध्यायावरून आजच्या रुग्णास अशुद्ध ठरविणे हा शास्त्राचा विपर्यास होय. शिवाय तेथे याजकाला किती जपावयास सांगितले आहे ते पाहा! संशय असला तर सात दिवस थांबावे, पुन्हा पाहावे, आणखी सात दिवस थांबावे. आपण मात्र विहिरीवर एका वाक्यात निकाल देतो. आणि प्रभूने तर निकाल ऐकलेल्यालाच हात लाविला.

कोणी म्हणतील, 'मग गप्प बसणेच बरे. उगाच कोणाचे मन का दुखवावे?' आम्हांस हे मान्य नाही. ज्या चट्ट्यात स्पर्श कळत नाही तो पाहून गप्प राहणारा आपल्या भिडेपायी शेजाऱ्याचा हात गमावतो. पण चारचौघांत बोलणारा त्याहून वाईट करतो, कारण ते ऐकून दुसरा रोगी आपला चट्टा बाहीखाली लपवितो. पहिल्याने एकाचे अहित केले, दुसऱ्याने अनेकांचे. प्रीतीची वाट या दोहोंमधून जाते. बंधूला एकांती गाठावे, रोगाचे नाव न घेता 'हे वैद्याला दाखवू या' एवढेच म्हणावे, आणि त्याच्याबरोबर दवाखान्यात जावे. ओळखण्याचे काम आपले. नाव देण्याचे वैद्याचे.

देशाच्या कायद्यानेही आपली जुनी कठोरता सोडली आहे. १८९८ चा कुष्ठरोग्यांविषयीचा कायदा २०१६ साली रद्द झाला. आणि २०१९ साली कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण राहिले नाही. ही दुरुस्ती ख्रिस्ती लोकांस लागू असलेल्या १८६९ च्या कायद्यातही झाली. सरकारने जे काढून टाकले ते मंडळीने जपून ठेवावे काय? प्रभुभोजनाच्या वेळी कोणाशेजारी बसावयास कोणी कचरत असेल, तर पाळकांनी व वडिलांनी त्याच्याशेजारी स्वतः जाऊन बसावे. लपविलेला चट्टा दाखविण्याचे धैर्य मनुष्यास तेथूनच येईल.